पाठमोरी माणसं

मुसलमानांविषयी टीव्हीवर कसलीही बातमी लागू दे, सोबतचं चित्र ठरलेलं असतं. शिष्यवृत्तीची बातमी असो, एखाद्या समितीच्या अहवालाची असो की स्फोटाच्या तपासाची, पडद्यावर नमाजाच्या रांगा येतात, त्याही पाठीमागून घेतलेल्या. पांढऱ्या टोप्या, वाकलेल्या पाठी, उघडे तळपाय. मग मोहम्मद अली रोडवरून चाललेल्या बुरख्यातल्या दोघीतिघी, त्याही पाठमोऱ्या. बकरी ईद जवळ आली असेल तर बकऱ्यांचा बाजार. निवेदिका बोलत राहते, तीच फीत पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि बातमी संपेपर्यंत चेहरा कुणाचाच दिसत नाही.

या पाठी मी लहानपणी फार जवळून पाहिल्या आहेत. नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याला ईदच्या सकाळी अब्बांचा हात धरून मी ईदगाहवर जायची. मुलींनी रांगेत उभं राहायचं नसायचं, म्हणून चपला सांभाळायचं काम माझ्याकडे. कडेच्या लिंबाखाली चपलांच्या ढिगापाशी मी बसायची. नमाज सुरू झाली की समोरच्या सगळ्या पाठी एकदम वाकायच्या, आणि पाठ बघून मी माणूस ओळखायची. मानेखाली घट्टा पडलेली पाठ साखर कारखान्यावर पोती वाहणाऱ्या हमालचाचांची. ज्यांची पाठ सगळ्यात उशिरा वाकायची ते गुडघेदुखीवाले सोसायटीचे सचिव. शिंपी मास्तर चांदरातीला उजाडेपर्यंत जागून अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायचे, त्यांचा स्वतःचा सदरा मात्र मागच्या ईदचा, पाठीवर निळीचे डाग पडलेला. शेवटच्या रांगेत माझा चुलतभाऊ. सजद्यात गेला की तिथेच डुलकी घ्यायचा आणि शेजारच्याचा कोपर लागला की धडपडून उठायचा. अब्बा एसटीत कंडक्टर होते. पैशांच्या चामडी पिशवीचा पट्टा वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर वागवून त्यांचा तो खांदा जरा खाली उतरला होता. शंभर पाठींतून तो खांदा मला लगेच सापडायचा.

एवढ्या जवळून पाहिलेल्या माणसांचा पडद्यावर नुसता जमाव होतो, हे मला सोसत नाही. जमावाला उधाऱ्या नसतात, गुडघेदुखी नसते, मुलीच्या लग्नाची काळजी नसते. जमाव फक्त भीती घालतो, किंवा घालेल असं वाटत राहतं.

यावर कुणी म्हणेल, चित्रं काय, दाखवणारे दाखवतात. लोकांचा अनुभव मोठा असतो. तसं असतं तर मला एवढं वाटलं नसतं. पण अनुभव यायला शेजार लागतो आणि शेजार आता राहिलेला नाही. श्रीगोंद्याच्या आमच्या गल्लीत एका बाजूला माळ्यांचं घर होतं, दुसऱ्या बाजूला सोनारांचं. रमजानमध्ये पहाटे सहेरीला अम्मीचा स्टोव्ह पेटला की माळ्यांच्या आजी पलीकडून विचारायच्या, "किती वाजले गं?" शहरात आल्यावर घर शोधताना आडनाव सांगितलं की फोनवरचा आवाज बदलायचा. "मालकांना विचारून सांगतो," म्हणायचे आणि मग फोन यायचा नाही. अशी नकारांची साखळी वर्षानुवर्षं चालली की शहराचे वेगवेगळे तुकडे पडतात. मुसलमानांचा मोहल्ला एकीकडे, बाकीच्या सोसायट्या दुसरीकडे. सोसायटीत वाढलेल्या मुलाला मग मुसलमान भेटतो तो एकाच ठिकाणी, जेवणाच्या वेळी लागलेल्या टीव्हीत.

मी नगरला माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. एकदा मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. वही तपासून घ्यायला आला असेल असं वाटलं. त्याने विचारलं, "बाई, तुमच्या घरी तलवारी असतात का?" त्याच्या डोळ्यांत खोडसाळपणा नव्हता. 'ऱ्हस्व की दीर्घ' हे ज्या सुरात तो विचारायचा, त्याच सुरात हे विचारत होता. मी म्हटलं, घरी विळी आहे, सुरी आहे, आणि नारळ फोडायचा कोयता आहे. तो समाधानाने निघून गेला. मी मात्र त्या दिवशी पुढचे तास कसेबसे घेतले. ज्या मुलाला मी वृत्तं शिकवली, ज्याच्या निबंधावर लाल शाईने 'छान' लिहिलं, त्याला माझ्या घराविषयी हे कोण सांगत होतं?

मोठी माणसं असं सरळ विचारत नाहीत. ती कौतुक करतात. "तुमचं मराठी किती छान आहे हो, वाटतच नाही!" पुढचं वाक्य मनातच ठेवतात. काही जण तेही बोलून टाकतात: "तुम्ही त्यांच्यातल्या नाहीच मुळी." हे प्रेमाने म्हटलेलं असतं, म्हणून उत्तर देणं जड जातं. 'त्यांच्यातले' म्हणजे माझे अब्बा, माझी अम्मी, शिंपी मास्तर, हमालचाचा. त्यांना बाहेर ठेवून मला एकटीला आत घेतलं जातं आणि त्याबद्दल मी आभार मानावेत अशी अपेक्षा असते.

ही चित्रं माणसांचं काय करू शकतात ते आमच्या जिल्ह्याने २०२० साली पाहिलं. मार्चच्या मध्याला दिल्लीत निजामुद्दीनच्या मरकजमध्ये तबलिगी जमातीचे लोक जमले होते आणि महिनाअखेरीला तिथे करोनाचे रुग्ण सापडले. साथ दाराशी आलेली असताना एवढी माणसं एका इमारतीत राहू देणं चुकीचंच होतं. आयोजकांना त्याचा जाब विचारायलाच हवा होता. पण पुढे जे झालं ते जाब विचारणं नव्हतं. साप म्हणून भुई धोपटणं होतं. आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकार परिषदेत एकूण रुग्णांपैकी तबलिगींशी संबंधित किती, असा वेगळा आकडा सांगितला जायचा. 'करोना जिहाद' असे शब्द चर्चेच्या पट्टीवर झळकू लागले. मध्य प्रदेशातल्या रायसेनच्या एका फळवाल्याचा फळांना थुंकी लावतानाचा व्हिडिओ घरोघरच्या फोनवर पोचला. तो फेब्रुवारीतला होता, टाळेबंदीच्या कितीतरी आधीचा. पण बातमीला पाय फुटले की तारीख कोण बघतो.

माझा मावसभाऊ नगरमध्ये हातगाडीवर फळं विकतो. टाळेबंदीत फळं विकायला परवानगी होती, म्हणून पहाटे मार्केट यार्डातून माल उचलून तो ठरलेल्या कॉलन्यांतून फिरायचा. पपई, चिकू, टरबूज. तिथल्या बायका त्याला नावाने ओळखत. कुणाला पोटाला पपई लागते, कुणाच्या घरी मधुमेह आहे, हे त्याला पाठ. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यातल्याच एका कॉलनीच्या तोंडाशी दोन तरुणांनी गाडी अडवली आणि आधार कार्ड मागितलं. त्याने दाखवलं. नाव वाचून त्यांनी त्याला परत फिरवलं. त्याचं नाव कॉलनीत सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. त्या आठवड्यात त्या नावाचा अर्थ तेवढा बदलला होता. वर गॅलरीत त्याची रोजची गिऱ्हाइकं उभी होती. कुणी खाली ओरडून "अरे, तो आपला आहे" म्हणालं नाही. यातलं काय जास्त लागलं, असं मी त्याला विचारलं तर तो पपयांचं सांगत बसला. पिकलेल्या होत्या, दोन दिवसांत बसल्या, वास सुटला, शेवटी गाईपुढे टाकाव्या लागल्या.

त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्यातल्या मशिदींत उतरलेल्या परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले होते. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतली ही २९ माणसं व्हिसा घेऊन आलेली, अनोळखी गावात टाळेबंदीत अडकलेली. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रसार केला, साथीच्या काळातले आदेश मोडले, असे आरोप त्यांच्यावर होते. त्यांना आसरा देणारे स्थानिक लोकही आरोपी झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी हे गुन्हे रद्द केले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांनी मोठा अपप्रचार केला, असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलं गेलं. साथ किंवा संकट आलं की राजकीय सरकार बळीचा बकरा शोधू पाहतं आणि इथे या परदेशी लोकांना त्यासाठी निवडलं गेल्याची शक्यता दिसते, असंही त्यात आहे. झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप करून नुकसान भरून काढायची ही वेळ आहे, असंही न्यायालयाने सुनावलं. न्या. सेवलीकरांना त्यातली काही निरीक्षणं मान्य नव्हती, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचं एकमत होतं.

हा निकाल मी बसून वाचला. मराठी शिकवणाऱ्या बाईला निकालपत्राची भाषा जड जाते, तरी वाचला. मग आमच्या कॉलनीत, नातेवाइकांत, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांत विचारून पाहिलं. मरकज सगळ्यांना ठाऊक होतं. निकाल मोजक्यांना. आपल्याच जिल्ह्यातल्या मशिदींचं हे प्रकरण होतं आणि आपल्याच खंडपीठाने दिलेला निकाल होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने त्या काळातल्या प्रसारणाबद्दल दोन कन्नड वाहिन्यांना दंड केला. त्यातला मोठा दंड १ लाख रुपयांचा होता. मावसभावाच्या पपयांचा हिशेब कुणाकडे मागायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

मालेगावची गोष्ट याहून जुनी आणि याहून कडू आहे. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार. त्या दिवशी शब-ए-बारात होती. या दिवशी आम्ही आमच्या मेलेल्यांना भेटायला जातो, कबरीवर फुलं टाकतो, फातेहा पढतो. मालेगावचं बडा कब्रस्तान माणसांनी भरलं होतं. जुम्याची नमाज संपली आणि सायकलींवर ठेवलेले बॉम्ब फुटले. तीसहून जास्त माणसं गेली, शेकडो जखमी झाली. मेलेल्यांत फकीर होते, लहान मुलं होती, जवळजवळ सगळे मुसलमान. आणि पकडले गेले तेही मुसलमानच, नऊ जण. वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले, वाहिन्यांनी त्यांना 'मास्टरमाइंड' ठरवलं. शब-ए-बारातला कब्रस्तानात बॉम्ब ठेवायला कोण मुसलमान जाईल, हा प्रश्न मालेगावच्या गल्लीतली बाई पहिल्या दिवसापासून विचारत होती. तिच्यापुढे माईक धरायला कुणी गेलं नाही. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि वेगळीच दिशा निघाली. २०११ च्या नोव्हेंबरात या लोकांना जामीन मिळाला. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. त्यातला एक जण तोवर या जगात राहिला नव्हता.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी पोरांना शिकवायची. शिकवताना उदाहरण मात्र द्यायची नाही.

मालेगाव म्हटलं की आजही लोकांच्या डोक्यात स्फोटच येतो. मला मालेगाव म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. बोलताना ओरडावं लागतं, आणि रात्री माग थांबले की झोप येत नाही म्हणतात तिथली माणसं. हेच गाव स्वतःचे सिनेमे काढतं. शुक्रवारी मागाला सुट्टी, त्या दिवशी थेटरं भरतात. सिनेमावेड्या पोरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला, मग मालेगावचा सुपरमॅन काढला. सुपरमॅन झाला होता काडीसारखा बारीक, मागावर काम करणारा तरुण. त्यावर झालेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट मी पाहिला आणि इतक्या वर्षांत पडद्यावर पहिल्यांदा मला माझ्या ओळखीची माणसं समोरून दिसली. पैशांवरून भांडणारी, एकमेकांची टर उडवणारी, बायकोला घाबरणारी. धर्म त्यांच्या घरात होताच, आमच्या घरात होता तसा. पण ती चोवीस तास मुसलमान असण्याचं काम करत नव्हती.

स्फोट झाला की आमच्याकडून आणखी एका गोष्टीची वाट बघितली जाते. निषेधाची. आणि माणसं निषेध करतात, मनापासून करतात, कारण मारणारे आमचं नाव घेऊन मारतात याची लाज आणि चीड दुसऱ्या कुणापेक्षा आम्हाला जास्त असते. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणाऱ्या कसाबच्या नऊ साथीदारांची प्रेतं शवागारात पडून होती. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी त्यांना जागा द्यायला साफ नकार दिला. मय्यतीला माती नाकारणं ही आमच्यात केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याने घरची मय्यत उचलली आहे त्यालाच कळेल. सीएसटीच्या फलाटावर त्या रात्री मेलेल्यांत मुसलमानही होते. तरी पुढच्या खेपेला स्टुडिओतला प्रश्न तोच: "मुस्लिम समाज गप्प का?"

मुसलमानाला पडद्यावर आणखी एक जागा मिळते, आणि ती मिळाली की आमची माणसं हरखून जातात. गणपतीला हार घालणारा मुसलमान, वारकऱ्यांना पाणी देणारा मुसलमान, करोनातून बरा होऊन दिल्लीत प्लाझ्मा देणारा तबलिगी. या बातम्या खऱ्या असतात आणि लिहिणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. तरी त्या वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. अब्बांची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटायच्या आणि अब्बांची ड्यूटी हमखास त्यावर लागायची. तीन-चार दिवस घरी नसायचे. यायचे ते कपाळाला बुक्का, पिशवीत चुरमुरे-बत्तासे, आवाज बसलेला. वारकरी गाडीत अभंग म्हणायचे आणि अब्बा घंटीच्या दोरीवर ताल धरायचे. ही आठवण मी कुठल्याही सभेत सांगितली की लोकांचे डोळे भरून येतात. पण अब्बांना त्यात विशेष काही वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. ती त्यांची ड्यूटी होती, जादा भत्ता मिळायचा आणि त्या भत्त्यातून आमच्या वह्या यायच्या. म्हाताऱ्या वारकरी बाईला त्यांनी हात धरून चढवलं असेल, तसंच सुट्ट्या पैशांवरून एखाद्या टाळकऱ्याशी कडाक्याचं भांडणही केलं असेल. मधल्या थांब्यावर वेळ मिळाला तर गाडीमागे रुमाल टाकून नमाज पढले असतील. या सगळ्यातून फक्त बुक्का उचलला की अब्बा चांगले मुसलमान होतात. आणि नुसती नमाज उचलली की?

चांगला असल्याचं प्रमाणपत्र दाखवल्यावरच माणूस म्हणून मोजलं जाणं मला नको आहे. अब्बा पंढरपूरच्या गाडीवर एकदाही गेले नसते, आयुष्यभर श्रीगोंदा-दौंड गाडीवरच राहिले असते, तरी ते या गावचेच होते.

स्टुडिओत आम्हाला जो बोलायला बसवतात त्याच्याविषयीही सांगायला हवं. दाढीवाला, टोपीवाला, चिडका, हातवारे करणारा. समोरच्या बाजूला त्याहून चिडका कुणीतरी. हा गृहस्थ आमचा प्रतिनिधी कधी झाला, आम्हाला कुणी विचारलं, काही कळत नाही. तोंडी तलाकच्या चर्चांत मी हे फार जवळून सोसलं. माझ्या एका मावशीला पोस्टकार्डावर तलाक आला होता. लग्नात आणलेली पितळी भांडी पोत्यात भरून ती माहेरी परतली, त्या दुपारी आमच्या घरात चूल पेटली नाही. ती प्रथा दुष्ट होती, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली तेव्हा अम्मी खूप वेळ रडली. पण त्या संध्याकाळी वाहिन्यांवर जो जल्लोष चालला होता त्यात मावशी कुठे नव्हती. जणू मुसलमानांच्या घरात यावर कधी कुणी ब्र काढला नव्हता आणि बाहेरून कुणीतरी येऊन आमच्या बायकांना सोडवलं.

महाराष्ट्राने तरी असं समजू नये. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता, तो याच मागणीसाठी. सातच बायका. त्यांना घरून, मोहल्ल्यातून काय ऐकून घ्यावं लागलं असेल! २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. दलवाई १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता गेले. त्यांची काही मतं मला पटत नाहीत. श्रद्धेने जगणाऱ्या माझ्या अम्मीसारख्या बाईला त्यांच्या मांडणीत पुरेशी जागा नव्हती, असं मला वाटतं. पण हे भांडण आमच्या घरातलं आहे, पन्नास-साठ वर्षं चाललेलं आहे, आणि ते मराठीत झालेलं आहे. सोलापूरला १९९० साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथेही ते झालं. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी यू. म. पठाण होते, संतसाहित्य आणि महानुभाव पोथ्यांत हयात घालवलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्याच्या आवाजाने मैदानं पेटली तो अमर शेख बार्शीचा. एवढं सगळं घरात असताना मुसलमान काय विचार करतात हे कळायला स्टुडिओतल्या त्या एका टोपीवाल्याकडे का बघावं लागतं?

आमच्या बाजूचं एक सांगते, कारण ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. मोहल्ल्यांतल्या फोनवरही अर्धवट, तोडलेले व्हिडिओ फिरतात. कुठल्यातरी राज्यातली जुनी मारहाण कालची म्हणून येते आणि पोरं रात्रभर धुमसत बसतात. सोसायटीतल्या मुलांना टीव्हीवर जमाव दिसतो तसा यांना फोनवर पलीकडचा जमाव दिसतो. माळ्यांच्या आजी यांनी पाहिलेल्या नाहीत. माझ्या भाच्याला मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, "खाला, तुम्ही जुन्या काळातल्या." त्याचं वय सव्वीस. घरासाठी, नोकरीसाठी त्याने ऐकलेले नकार मला माहीत आहेत, म्हणून मी वाद वाढवत नाही.

श्रीगोंद्यात शेख महंमदांचं स्थान आहे. सतराव्या शतकातला हा संत. त्यांनी 'योगसंग्राम' लिहिला तो मराठी ओवीत. गावात त्यांना शेख महंमद महाराज म्हणतात, फाल्गुनात यात्रा भरते. लहानपणी यात्रेत मी अम्मीसोबत बांगड्या भरायची आणि माळ्यांच्या आजी तिथेच आपला नवस फेडायच्या. कोण कशासाठी आलंय हे विचारायची पद्धत नव्हती. पुढे वर्गात संतकवी शिकवायची वेळ यायची तेव्हा पुस्तकात असो-नसो, मी शेख महंमदांवर एक तास घ्यायचीच. पोरांना आश्चर्य वाटायचं, मग ती ओव्या चालीत म्हणायची. इतकी वर्षं मी टीव्हीवर या माणसाचं नाव ऐकलं नव्हतं. अलीकडे ऐकलं. त्या जागेला मंदिर म्हणायचं की दर्गा, ती कुणाच्या ताब्यात, यावरून वाद पेटला तेव्हा. कॅमेरे आले, घोषणा झाल्या, गाव बंद राहिलं. कुणाचं बरोबर ते कागदपत्रं आणि न्यायालय ठरवील. पण त्या सगळ्या गदारोळात एकाही वार्ताहराने 'योगसंग्राम' कशाविषयी आहे ते सांगितलं नाही. माणसाने स्वतःच्या मनातल्या विकारांशी करायच्या लढाईविषयी तो आहे.

मराठी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांत काम करणाऱ्यांत माझे विद्यार्थीही आहेत, म्हणून हक्काने सांगते. मुसलमानांवर चांगलं लिहा असं माझं मागणं नाही. खरं लिहा, आणि पुरतं लिहा. अटकेची बातमी पहिल्या पानावर फोटोसकट दिली असेल तर सुटकेची बातमीही पहिल्या पानावर, तेवढ्याच जागेत, फोटोसकट द्या. दहा वर्षांनी दिली तरी चालेल, पण द्या. पाण्याच्या टंचाईवर, कांद्याच्या भावावर, दहावीच्या निकालावर बोलायला कधीतरी मोहल्ल्यातही माईक घेऊन जा. आमच्याकडेही पाणी दोन दिवसांआडच येतं. आणि तुम्ही वाचणारे, तुमच्या कॉलनीत एखाद्याची गाडी अडवली जात असेल तर गॅलरीतून तेवढं ओरडून सांगा की तो आपला आहे.